बोलावणे आल्याशिवाय पाळक होता येत नाही

सोसायटीचा चेअरमन कोण व्हावा, शाळेला मास्तर कसा मिळावा, यावर आपल्या गावात पारावर बसून रात्र रात्र बोलणे चालते. देवळातला पुजारी कोण असावा, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. गुरवाचा मुलगा गुरवकी करतो, पूजेची पाळी घराण्याप्रमाणे फिरते, आणि गाव ते चालवून घेते. पण दूर स्कॉटलंडात, त्या थंड आणि डोंगराळ मुलखात, साध्या कुळवाडी शेतकऱ्यांनी हाच प्रश्न पिढ्यान्‌ पिढ्या लावून धरला. आमचा धर्मगुरू जमीनदाराने का नेमावा? तो आम्हीच का निवडू नये? या एका प्रश्नावरून तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या, चर्च दुभंगले, शेकडो माणसांनी राहती घरे सोडली.

त्या धर्मगुरूला आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव 'पाळक' म्हणतात. मेंढपाळ कळप पाळतो तसा हा माणसे पाळतो, म्हणून पाळक. स्कॉटलंडातल्या प्रेस्बिटेरियन पंथात पाळक कसे होता येते, त्याला किती वर्षे लागतात, पैसा कुठून येतो आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो, ते आज पाहू. धर्म कोणताही असो, शेतकऱ्याच्या घरातून निघालेल्या मुलाची ही वाट आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

वडीलधाऱ्यांचा कारभार

प्रेस्बिटेरियन हा शब्द तोंडात बसायला जरा कठीण आहे, पण त्याचा अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरॉस' म्हणजे वडीलधारा माणूस. ज्या चर्चचा कारभार वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने चालतो ते प्रेस्बिटेरियन चर्च. युरोपात इतरत्र बऱ्याच ठिकाणी चर्चवर बिशप, आणि बिशपांवर पोप किंवा राजा, अशी उतरंड होती. स्कॉटलंडात १५६० साली धर्मसुधारणा झाली. जॉन नॉक्स हा तिचा पुढारी. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या ओढाताणीत स्कॉटिश लोकांनी बिशप नाकारले आणि पंचायत धरली.

ही पंचायत पायरीपायरीची आहे. गावातल्या मंडळीत पाळक आणि निवडलेले 'वडील' मिळून कारभार पाहतात. हे वडील शेतकरी, सुतार, दुकानदार, शिक्षक असे नेहमीचे लोक असतात. आसपासच्या अनेक मंडळ्या मिळून एक प्रेस्बिटरी होते. आपल्याकडच्या तालुक्यासारखी तिची हद्द असते, आणि तिच्यात पाळकांच्या बरोबरीने वडीलही बसतात. सर्वांत वर साऱ्या देशाची महासभा. ती एडिंबरो शहरात मे महिन्यात भरते. तिच्या अध्यक्षाची मुदत एका वर्षाची. वर्ष सरले की तो खाली उतरतो आणि दुसरा बसतो. २००४ साली ॲलिसन इलियट या बाई महासभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या पाळक नव्हत्या, मंडळीच्या एक 'वडील' होत्या. म्हणजे या पंथात पाळक हा कोणी वरच्या जातीचा माणूस नव्हे. पंचायतीतलाच एक, पण शिकवण्याचे काम दिलेला. आता हे काम ज्याला हवे आहे त्याने करायचे काय?

पिठाची पिशवी आणि पुस्तके

जुन्या काळापासून सुरुवात करू. पाळक अडाणी चालणार नाही, हे नॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी पहिल्यापासून ठरवले होते. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावभागात, शाळा असावी असा आराखडा त्यांनी १५६० सालीच मांडला. १६९६ साली कायदाच झाला, की प्रत्येक पॅरिशमधल्या जमीनदारांनी शाळेला जागा आणि मास्तरला पगार द्यायचा. सगळीकडे तो सारखा पाळला गेला असे नाही. पण त्यामुळे कुळाच्या आणि मजुराच्या पोरालाही अक्षर ओळखीचे झाले. एखादा पोरगा हुशार निघाला, की गावचा मास्तर आणि पाळक त्याला लॅटिन शिकवत, आणि घरात बोलणे सुरू होई : पोराला कॉलेजात पाठवायचे का?

आपल्याकडे पोरगा तालुक्याच्या बोर्डिंगात निघाला की आई भाकरीचे पीठ, चटणी आणि लोणच्याची बरणी बांधून देते. तिथे बांधून देत ओटचे पीठ. ओट म्हणजे आपण दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतो ते. थंड आणि हलक्या जमिनीत गहू येत नसे, म्हणून ओट हेच तिथल्या गरिबाचे अन्न. पाठीवर पिठाची पिशवी टाकून पोरगा ॲबर्डीन, सेंट अँड्र्यूज, ग्लासगो किंवा एडिंबरोची वाट धरी. पीठ शिजवून लापशी करायची, त्यावर दिवस काढायचा. पीठ संपले की पुन्हा घरून आणायचे. त्यासाठी विद्यापीठांत एका सोमवारी सुट्टी मिळे. तिला 'पिठाचा सोमवार' असेच नाव पडले होते.

जुन्या नियमाप्रमाणे चार वर्षे सामान्य पदवीचा अभ्यास आणि त्यापुढे चार वर्षे धर्मशास्त्राचा, अशी आठ वर्षांची ही वाट होती. त्यात लॅटिन आले, बायबलच्या मूळ भाषा म्हणून ग्रीक आणि हिब्रू आल्या. एकच गोष्ट सोयीची होती. कॉलेज भरे ते मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात पेरणी-कापणीला पोरगा घरी असे, किंवा कुठे शिकवणी करून चार पैसे जोडी. तरीही विचार करा, घरातले कामाचे दोन हात आठ वर्षे अर्धवट सुटायचे. थोरला भाऊ नांगर धरी, बहिणी दुसऱ्याच्या घरी कामाला राहत, आणि त्यातून एकाचे शिक्षण होई. मुलगा पाळक झाला की घराचे नाव निघे, पण त्याची किंमत सगळे घर मोजत असे.

परवाना मिळाला, मंडळी नाही

आठ वर्षे संपली की प्रेस्बिटरीपुढे परीक्षा. ही परीक्षा बंद खोलीतल्या पेपरांची नव्हती. उमेदवाराने लॅटिनमध्ये प्रबंध वाचायचा, ग्रीक व हिब्रूचा उतारा लावून दाखवायचा, बायबलच्या भागावर प्रवचन करायचे आणि लोकांना कळेल असा उपदेश द्यायचा. समोर तालुक्याचे सगळे पाळक आणि वडील बसलेले. त्यांचे समाधान झाले तर उपदेश करण्याचा परवाना मिळे.

परवाना म्हणजे दीक्षा नव्हे, हे इथे नीट लक्षात घ्या. परवानाधारकाला उपदेश करता येई. पण बाप्तिस्मा देता येत नसे, प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नसे, कारण तो अजून कोणत्याही मंडळीचा पाळक नव्हता. प्रेस्बिटेरियन रीत अशी, की माणसाला पाळक करायचे ते कामासाठी. एखाद्या मंडळीने बोलावले, तर तिथे दीक्षा. कोणी बोलावलेच नाही, तर विद्वान असो की सज्जन, तो उमेदवारच राहायचा. असे कितीतरी जण आयुष्यभर कुठेतरी मास्तरकी करीत राहिले. लोकांनी त्यांना नाव ठेवले 'अडकलेला पाळक'. आठ वर्षे पीठ पुरवणाऱ्या आईला ते नाव किती लागत असेल, ते सांगायला नको.

अशी वाट पाहणाऱ्यांपैकी एकाची गोष्ट शेतकऱ्याने ऐकावीच. पॅट्रिक बेल हा १७९९ साली एका कुळवाडी शेतकऱ्याच्या घरी जन्मला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तो धर्मशास्त्र शिकत होता, पण डोक्यात वेगळेच चक्र फिरत होते. कापणीच्या दिवसांत विळ्याने वाकून वाकून माणसांचे हाल होताना त्याने लहानपणापासून पाहिले होते. बागेतली झुडपे छाटायची कात्री पाहून त्याला सुचले, की अशा कात्र्यांची रांग घोड्याच्या बळाने चालवली तर उभे पीक कापता येईल. त्याने यंत्र जुळवले. गावकऱ्यांनी हसू नये म्हणून पहिली परीक्षा दार लावून कोठारात घेतली. कोठाराच्या जमिनीवर माती पसरली, तिच्यात ओटची ताटे एक एक करून हाताने रोवली, आणि त्यांवरून यंत्र ढकलले. पुढे १८२८ च्या हंगामात रात्रीच्या वेळी भावाला बरोबर घेऊन, घोडा जोडून शेतात ते चालवले. पीक कापले गेले आणि बाजूला नीट पडत गेले. अमेरिकेतल्या मॅकॉर्मिकचे कापणी यंत्र चालले ते त्यानंतर, १८३१ साली.

बेलने यंत्राचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने बनवावे, हा त्याचा विचार. त्याला स्वतःला पाळकच व्हायचे होते. मधली काही वर्षे त्याने कॅनडात शिकवणी करून काढली. दीक्षा मिळाली ती १८४३ साली, कार्मायली गावात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. यंत्र शेतात चालल्यावर तब्बल पंधरा वर्षांनी! उतारवयात शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला हजार पौंड दिले. पण तोवर तो कार्मायलीचा पाळक म्हणूनच राहिला, आणि १८६९ साली तिथेच वारला.

पाळकाचे पोटही पिकावर

पाळकाला पगार कोण देई? तोही शेतातूनच निघे. जमिनीच्या उत्पन्नातला एक वाटा चर्चचा, ही जुनी वहिवाट होती आणि तो भरायचा भार जमीनमालकांवर होता. पगार ठरे तो पैशात नव्हे, ओटच्या पिठाच्या आणि बार्लीच्या मापांत. १८०८ च्या कायद्यानंतर त्या मापांचे पैसे करून देऊ लागले. पण किती पैसे, ते त्या वर्षीच्या भावावर. दरवर्षी जिल्ह्याचा न्यायाधीश पंच बसवून, व्यापारी-शेतकऱ्यांच्या साक्षी घेऊन धान्याचे भाव जाहीर करी. भाव चढले तर पाळकाचा पगार चढे, पडले तर पडे. १९२५ च्या कायद्याने ही रीत बंद करून रोख रक्कम ठरवली, तोवर पाळकाच्या घरीही बाजारभावाची तेवढीच काळजी असे जेवढी कुळाच्या घरी.

शिवाय राहायला घर आणि कसायला जमीन. कायद्याने ठरलेली किमान जमीन चार एकर, आणि एक घोडा व दोन गाई यांना पुरेल एवढे गवत. म्हणून जुना स्कॉटिश पाळक हा अर्धा शेतकरीच होता. १७९१ ते १७९९ या वर्षांत सर जॉन सिंक्लेअर यांनी साऱ्या देशाची माहिती गोळा केली. तेव्हा गावोगावची माती कशी, पिके कोणती, मजुरी किती, जनावरे किती, हे सारे लिहून दिले ते पाळकांनी. त्याचे एकवीस खंड झाले. रुथवेल गावच्या हेन्री डंकन या पाळकाने १८१० साली गरिबांसाठी बचत बँक काढली. मजुराने आठवड्याला थोडे थोडे साठवावे आणि अडीअडचणीला कोणापुढे हात पसरू नये, हा तिचा हेतू.

निवडायचे कोणी?

आता मूळ भांडणाकडे येऊ. उमेदवार शिकला, परवाना मिळाला, पण कोणत्या मंडळीत कोण जाणार ते ठरवायचे कोणी? १७१२ साली लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला आणि हा हक्क 'आश्रयदात्याला' दिला. हा आश्रयदाता म्हणजे बहुधा त्या भागातला मोठा जमीनदार किंवा सरकार. त्याने नाव सुचवायचे, मंडळीने 'बोलावणे' म्हणून कागदावर सह्या करायच्या आणि प्रेस्बिटरीने दीक्षा द्यायची. सह्या कमी पडल्या तरी काम अडत नसे. ज्याच्याकडून जमीन खंडाने घेतली, त्यानेच आमचा धर्मगुरूही पाठवायचा, हे शेतकऱ्यांना डाचत होते. शंभर वर्षे ते धुमसत राहिले, काही जण वेगळे होऊन निघूनही गेले.

१८३४ साली चर्चच्या महासभेने ठराव केला, की मंडळीतल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नाकारले तर तो माणूस लादायचा नाही. त्याच वर्षी ऑख्टरार्डर गावात कसोटी लागली. तिथल्या जमीनदार सरदाराने रॉबर्ट यंग नावाचा उमेदवार पाठवला. त्याच्या बोलावण्यावर गावातल्या दोघांच्या सह्या पडल्या. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नको म्हटले. प्रेस्बिटरीने यंगला नाकारले. जमीनदार आणि यंग कोर्टात गेले, आणि कोर्टाने निकाल दिला तो जमीनदाराच्या बाजूने. १८३९ साली लंडनच्या वरच्या सभागृहानेही तोच कायम केला.

मार्नोक गावात तर याहून कहर झाला. तिथे ३०० पैकी २६१ कुटुंबप्रमुखांचा नकार आणि बोलावण्यावर गावातल्या एकट्या खानावळवाल्याची सही! तरी २१ जानेवारी १८४१ रोजी, भर बर्फात, दीक्षेचा समारंभ ठरला. शेतकरी बर्फ तुडवत आले, चर्चमध्ये आपापल्या जागी बसले. त्यांनी आपला निषेध वाचून दाखवला. मग आपली बायबले उचलली आणि आपल्याच चर्चमधून सारे निघून गेले. वाडवडिलांच्या जागा सोडून म्हातारीकोतारी माणसेही बाहेर पडली. पुढे त्यांनी वर्गणी करून आपले वेगळे चर्च बांधले.

शेवटी १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत महासभा भरली, तेव्हा मावळत्या अध्यक्षांनी, डेव्हिड वेल्श यांनी, निषेध वाचला, राणीच्या प्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्या मागे एकामागून एक पाळक आणि वडील उठले. रस्त्यात गर्दी जमली होती. तिच्यामधून चालत जाऊन त्यांनी दुसऱ्या सभागृहात 'फ्री चर्च', म्हणजे स्वतंत्र चर्च, स्थापन केले. थॉमस चामर्स हे त्याचे पहिले अध्यक्ष. एकंदर ४७४ पाळकांनी राजीनाम्याच्या कागदावर सह्या केल्या. देशातल्या पाळकांचा हा सुमारे तिसरा हिस्सा. पगार गेला, जमीन गेली, बायकामुलांसह राहते घर गेले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. कित्येक जमीनदारांनी नव्या चर्चला वीतभर जागा दिली नाही. लोकांनी उघड्या माळावर, रस्त्याच्या कडेला, समुद्रकाठी पावसात उभे राहून उपासना केली. स्ट्रॉन्शियन गावच्या लोकांना जमिनीवर जागा मिळेना, तेव्हा त्यांनी १८४६ साली लोखंडी तराफ्यासारखे तरंगते चर्च बनवून घेतले आणि ते खाडीत नांगरून ठेवले. होडीतून जायचे, प्रार्थना करायची, होडीतून परतायचे. पैशाचा प्रश्न चामर्स यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. प्रत्येकाने आठवड्याला निदान एक पेनी द्यावी, साऱ्या देशाचा पैसा एका निधीत जमा व्हावा, आणि त्यातून श्रीमंत शहरातल्या व गरीब खेड्यातल्या पाळकाला सारखा वाटा मिळावा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते त्यांनी करून दाखवले.

जमीनदाराच्या नेमणुकीचा कायदा अखेर १८७४ साली रद्द झाला. दुभंगलेल्या चर्चचा बहुतेक भाग १९२९ साली पुन्हा एक झाला. पाळक निवडण्याचा हक्क मात्र तेव्हापासून मंडळीकडे आहे.

आपल्या मुलखातला धागा

या गोष्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही येतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश पाळकच. ते १८२९ साली मुंबईत आले. चर्च दुभंगले तेव्हा हिंदुस्थानातल्या इतर स्कॉटिश मिशनऱ्यांप्रमाणे तेही फ्री चर्चकडे गेले. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मोठी खळबळ उडाली. १८५४ साली त्यांना फ्री चर्चच्या रीतीने पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे ते मराठवाड्यात गेले. जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल नावाची शेतकऱ्यांची वस्ती उभी केली. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी हेही १८६७ साली पुण्यात फ्री चर्चचे पाळक झाले. महाराष्ट्रातल्या या परंपरेतल्या मंडळ्या पुढे इतर पंथांबरोबर मिळून गेल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, त्यात त्या सामील झाल्या. त्या चर्चमध्ये बिशप आहेत, पण पाळकाला 'प्रेस्बिटर' म्हणतात. जुना शब्द तेवढा उरला आहे.

आजची वाट

आज स्कॉटलंडात कोणाला पाळक व्हायचे असेल तर पायऱ्या अशा आहेत. आधी तो किंवा ती एखाद्या मंडळीची सभासद हवी. मनात ओढ आहे एवढ्याने भागत नाही. ती ओढ खरी आहे की चार दिवसांची, हे अनुभवी पाळकाबरोबर काही काळ राहून तपासतात. मग मुलाखती आणि पारख होते. माणसांशी वागणे कसे, राग आवरतो का, दुसऱ्याचे ऐकून घेतो का, हेही पाहतात. 'तुम्ही या कामाचे नाही' असे तोंडावर सांगितले जाते, आणि ते ऐकून परत जाणारेही असतात.

पसंत झाल्यावर विद्यापीठात धर्मशास्त्राचे शिक्षण. त्याबरोबरच वेगवेगळ्या मंडळ्यांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम : आजाऱ्याला भेटणे, मयताच्या घरी जाणे, लग्न लावणे, सभा चालवणे. त्यानंतर एका जुन्या पाळकाच्या हाताखाली उमेदवारी. ती नीट पार पडली की प्रेस्बिटरी परवाना देते.

आणि मग पूर्वीप्रमाणेच, वाट बोलावण्याची. जिथे जागा रिकामी आहे तिथली मंडळी आपल्यातून निवड समिती नेमते. समिती उमेदवारांना भेटते, त्यांचे उपदेश ऐकते, आणि सगळ्यांतून एकाचेच नाव मंडळीपुढे आणते. तो उमेदवार एका रविवारी येऊन उपासना चालवतो. ती झाली की गुप्त मतदान. मंडळीने होकार दिला तर बोलावण्याचा कागद तयार होतो आणि सभासद त्यावर सह्या करतात. तो कागद प्रेस्बिटरीपुढे जातो.

दीक्षेच्या दिवशी उमेदवाराला सर्वांसमोर ठरलेले प्रश्न विचारतात आणि तो उत्तरे देतो. मग तो गुडघे टेकतो, प्रेस्बिटरीचे लोक त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि प्रार्थना होते. बस, एवढेच. नंतर एकेक जण पुढे येऊन त्याच्याशी हात मिळवतो, आमच्यातला झालास म्हणून.

मघाशी आपण कुटुंबप्रमुखांच्या सह्यांचे बोललो. १८३४ च्या ठरावाने नकाराचा हक्क पुरुष कुटुंबप्रमुखांनाच होता. स्त्रियांनी दाराशी येणे तर फार लांबचे. मेरी लिव्हिसन यांनी १९६३ साली महासभेपुढे उभे राहून दीक्षा मागितली. पाच वर्षांनी, १९६८ साली, महासभेने स्त्रियांना दार उघडले, आणि १९६९ साली कॅथरिन मॅकॉनकी या पहिल्या महिला पाळक झाल्या. आज मंडळ्यांना स्त्री पाळक नवीन राहिलेली नाही.

हक्क आहे, माणूस नाही

इतके झगडून मिळवलेल्या हक्काची आज वेगळीच अडचण झाली आहे. या चर्चचे सभासद १९५६ साली तेरा लाखांहून अधिक होते. २०२३ च्या अखेरीस ते तीन लाखांच्याही खाली आले. पाळक व्हायला येणारी माणसे कमी झाली. त्याचा पहिला फटका बसला खेड्यांना. तीन-तीन, चार-चार गावांच्या मंडळ्या जोडून एक पाळक, अशी वेळ आली. एका रविवारी या गावी उपासना, पुढच्या रविवारी त्या गावी. कित्येक जुन्या चर्चच्या इमारती विकल्या जात आहेत. मतदानाचा हक्क शाबूत आहे, पण मत द्यायला समोर उमेदवार नाही. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळा आणि डॉक्टर नसलेले दवाखाने आठवले, तर हे दुखणे काय आहे ते कळेल. तिथेही मग मंडळीतले वडीलच पुढे होतात. पाळक येईल तेव्हा येईल, रविवारची प्रार्थना थांबत नाही.

याउलट आपल्याच देशात मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन चर्च भरभराटीला आहे. तिथे वेल्समधल्या मिशनऱ्यांनी हा पंथ नेला. त्या डोंगरी राज्यातल्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवतात. घरोघरचा तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि चर्चच्या कामाला लागतो. चामर्स यांची पेनी आणि मिझो बाईची मूठ, दोन्ही एकाच हिशेबाच्या.

घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या सांगितले, की मला नोकरी-धंदा नको, लोकांच्या कामाला जायचे आहे, मग ते धर्माचे असो, शाळेचे असो की दवाखान्याचे, तर लगेच डोक्याला हात लावू नका आणि लगेच हारही घालू नका. त्याला या वाटेवरच्या तीन गोष्टी विचारा. पुरते शिकायची तयारी आहे का? तू या कामाचा नाहीस असे वडीलधाऱ्यांनी सांगितले, तर ऐकून घेशील का? आणि शिकून झाल्यावर लोकांनी बोलावीपर्यंत थांबशील का? तिन्हींना 'हो' म्हणाला, तर त्याच्या पिशवीत पीठ भरून द्यायला हरकत नाही.

आणि आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. मार्नोकचे शेतकरी बर्फातून बाहेर पडले, तेव्हा त्यांना कोणाचे काही हिसकावून घ्यायचे नव्हते. आमच्यासाठी नेमायचा माणूस आम्हाला विचारून नेमा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण विचारून नेमलेल्या माणसाला सांभाळायचे कामही मग आपलेच असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून चर्चमधून उठून ते घरी जाऊन बसले नाहीत. त्यांनी वर्गणी केली, भिंती उभारल्या आणि आपला पाळक आपण पोसला.